मसाई मारा सफारीचा पहिला दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केनियाच्या सहलीची चौकशी करणारे बहुतेक जण सिंह किती दिसतील आणि वाईल्डबीस्ट या गाईसारख्या दिसणाऱ्या हरणांचे स्थलांतर कधी असते, हेच आधी विचारतात. हे प्रश्न रास्तच आहेत. तरीही पुढचे तीन-चार दिवस कसे जाणार हे बऱ्याच अंशी पहिल्या दिवसावर ठरते आणि त्या दिवसाचा विचार सर्वांत कमी केला जातो. मुंबईहून विमानाने नैरोबी, तिथून मसाई मारा हे वन्यजीवांचे राखीव क्षेत्र आणि मग कॅम्पवरची पहिली रात्र, एवढ्या टप्प्यात मराठी पर्यटकांना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

कार्यक्रमपत्रिकेत ‘पहिला दिवस : नैरोबी ते मसाई मारा’ असे लिहिले आहे. विमानातून उतरल्यावर थेट निघावे की नैरोबीत एक रात्र राहावे?

मुंबई ते नैरोबी थेट विमानप्रवास साधारण सहा तासांचा आहे आणि केनियातील घड्याळ भारताच्या अडीच तास मागे असते. त्यामुळे पहाटे मुंबईहून निघालेला माणूस नैरोबीत सकाळीच उतरतो आणि समोर अख्खा दिवस मोकळा आहे, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याची रात्र विमानतळावर आणि विमानात गेलेली असते. त्यावर सहा तासांचा रस्ता आणि पाठोपाठ संध्याकाळची सफारी चढवली, तर पहिल्या सिंहासमोर माणूस पेंगत बसतो. हा कार्यक्रम कागदावर किफायतशीर दिसतो, कारण नैरोबीतल्या हॉटेलचे भाडे वाचते. माझे स्पष्ट मत असे आहे की, बरोबर साठीपुढची मंडळी किंवा लहान मुले असतील, तर नैरोबीत एक रात्र राहावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात-साडेसातला निघावे.

नैरोबीतला तो दिवस वाया जात नाही. शहराच्या अगदी कडेला नैरोबी राष्ट्रीय उद्यान आहे. १९४६ साली स्थापन झालेले हे उद्यान सुमारे ११७ चौरस किलोमीटरचे असून तिथे गेंडे आणि सिंह मोकळे हिंडतात आणि त्यांच्या पाठीमागे शहरातल्या उंच इमारती दिसतात. आई गमावलेल्या हत्तीच्या पिल्लांचा शेल्ड्रिक संस्थेचा सांभाळगृह-प्रकल्प याच उद्यानाच्या आवारात आहे. पर्यटकांसाठी तो दिवसातून अगदी थोडा वेळ खुला असतो आणि नोंदणी आधीच करावी लागते. एवढे दोन कार्यक्रम त्या दिवसाला पुरेसे आहेत.

कोणती कागदपत्रे हाताशी ठेवावीत?

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाची जुनी पद्धत बंद करून इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी सुरू केली आहे. तिचा अर्ज केनिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर ऑनलाइन भरावा लागतो. त्यासाठी परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचे आरक्षण, पासपोर्टची प्रत आणि फोटो लागतो. त्या संकेतस्थळासारखीच दिसणारी, जादा पैसे घेणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत, म्हणून पत्ता नीट तपासून घ्यावा. परवानगी साधारण तीन दिवसांत मिळते, पण ती शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. तिची छापील प्रत जवळ असावी, कारण विमानतळावर नेमक्या वेळी मोबाइलचे नेटवर्क मिळेलच असे नाही.

दुसरा कागद त्याहूनही महत्त्वाचा आहे आणि तो केनियापेक्षा भारतात परतताना जास्त लागतो. पीतज्वराचा, म्हणजे यलो फीव्हरचा, धोका असलेल्या देशांत केनियाचा समावेश आहे. त्यामुळे केनिया सोडल्यानंतर सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्या प्रवाशाकडे या लसीचे वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विमानतळावरूनच विलगीकरणात नेले जाऊ शकते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते आणि पुढे ते आयुष्यभर चालते. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिथे वार ठरलेले असतात आणि आधी नाव नोंदवावे लागते, म्हणून निदान महिनाभर आधी चौकशी करावी. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी, गर्भवती स्त्रियांनी, साठीपुढच्या व्यक्तींनी आणि अगदी तान्ह्या बाळांच्या पालकांनी लस घेण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे. तिकिटे काढून झाल्यावर घरातल्या एकाला ही लस चालत नाही, असे कळण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

घरून फराळाचे पदार्थ नेता येतात का?

कोरडे, घट्ट बंद केलेले पदार्थ बहुतेक जण नेतात. अडचण पदार्थांची नसून पिशव्यांची आहे. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी घातली असून तिची अंमलबजावणी कडक आहे. ५ जून २०२० पासून राष्ट्रीय उद्याने आणि संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकलाही बंदी आहे. पाण्याच्या साध्या बाटल्या त्यातच येतात. चकल्या, चिवडा, खाकरे स्टीलच्या किंवा चांगल्या प्लास्टिकच्या डब्यांत भरावेत, बुटांसाठी कापडी पिशव्या घ्याव्यात आणि प्रत्येकाने आपली पाण्याची बाटली न्यावी. कॅम्पवर आणि बहुतेक गाड्यांत मोठ्या जारमधले पिण्याचे पाणी भरून मिळते.

पैसे कोणत्या स्वरूपात न्यावेत?

थोडे अमेरिकी डॉलर आणि थोडे केनियन शिलिंग जवळ असावेत. डॉलरच्या नोटा नव्या मालिकेतल्या, न फाटलेल्या आणि न लिहिलेल्या असाव्यात, कारण जुन्या नोटा तिथे सर्रास नाकारल्या जातात. स्थानिक लोक चहापासून पेट्रोलपर्यंतचे व्यवहार एम-पेसाने करतात. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची ही पद्धत केनियात २००७ सालीच सुरू झाली. चार दिवसांच्या पर्यटकाचे मात्र तिच्याशिवाय अडत नाही.

मसाई माराला रस्त्याने जावे की छोट्या विमानाने?

छोटी विमाने नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून सुटतात आणि पाऊण ते एक तासात माराच्या धावपट्टीवर उतरतात. त्या धावपट्ट्या म्हणजे गवतातली सपाट केलेली लांब पट्टी आणि शेजारी एखादे छप्पर, इतकेच. कीकोरोक, ओल किओम्बो, मुसियारा, मारा सेरेना अशा अनेक धावपट्ट्या आहेत. आपल्या कॅम्पला जवळची कोणती, हे आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे. सामानाची मर्यादा सहसा हातातल्या बॅगेसह १५ किलो असते आणि बॅग मऊ कापडाची लागते. चाकांच्या कडक सूटकेस त्या विमानाच्या पोटात मावत नाहीत. उरलेले सामान नैरोबीतल्या हॉटेलात ठेवता येते.

रस्त्याने जायला नारोकमार्गे माराच्या सेकेनानी फाटकापर्यंत साधारण पाच ते सहा तास लागतात. पाठीचा त्रास असणाऱ्यांनी किंवा हाताशी एकूण तीनच दिवस असणाऱ्यांनी विमानाने जावे. इतरांनी निदान जाताना रस्ता निवडावा, असा माझा आग्रह आहे. हा रस्ता पाहिल्याखेरीज आपण नेमके कुठे आलो आहोत, हे उमगत नाही.

त्या रस्त्यावर पाहण्यासारखे काय आहे?

नैरोबी सुमारे १८०० मीटर उंचीवर वसले आहे, म्हणजे हे शहर आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंचावर आहे. शहर सोडल्यावर रस्ता आणखी चढतो. दोन्ही बाजूंना चहाचे मळे, मक्याची शेते आणि धुके लागते. आफ्रिका म्हणजे ऊन, अशा समजुतीने अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून निघालेली मंडळी इथे गाडीच्या काचा वर करतात.

मग एकाएकी उजव्या-डाव्या बाजूची जमीनच संपते. समोर ग्रेट रिफ्ट व्हॅली पसरलेली असते. पूर्व आफ्रिकेचे भूकवच कोट्यवधी वर्षांपासून ताणले जात आहे, त्यात मधला भाग खचला आणि कडे तसेच उभे राहिले, अशी ही दरी तयार झाली. कड्यावरच्या विसाव्यावरून तळाशी लाँगोनॉट हा २,७७६ मीटर उंचीचा ज्वालामुखी आणि त्याचे तुटक्या काठाचे तोंड स्पष्ट दिसते. हवा स्वच्छ असेल तर दूरवर सुस्वाचा पसरट ज्वालामुखीही ओळखता येतो. सह्याद्रीचे कडे पाहत वाढलेल्या माणसाला कडा नवा नसतो. आपला डेक्कन ट्रॅपही लाव्ह्याचाच आहे. पण आपले लाव्हे कोट्यवधी वर्षांपूर्वी थंडावले, तर इथली घडण अजून चालू आहे, हे तिथे उभे राहून पाहण्यात मोठा आनंद आहे. दहा मिनिटे थांबावे. विसाव्यालगतच्या दुकानांत मुखवटे, मेंढ्यांची कातडी आणि मसाई चादरी असतात. खरेदी परतीच्या दिवसासाठी ठेवावी, कारण पहिल्या दिवशी भावाचा अंदाज नसतो आणि वेळही नसतो.

कड्यावरून उतरणाऱ्या घाटात रस्त्याच्या कडेला एक इवलेसे दगडी चर्च आहे. दुसऱ्या महायुद्धात हा रस्ता बांधण्यासाठी आणलेल्या इटालियन युद्धकैद्यांनी ते १९४२ साली उभारले. बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात, पण चालकाला आधी सांगून ठेवले तर तो थांबतो. घाटाच्या पायथ्याशी माई माहिऊ हे गाव येते आणि तिथून दरीच्या सपाट तळावरून रस्ता नारोककडे वळतो. इथे बाभळीच्या कुळातली झाडे, धुळीची वावटळ आणि शेळ्या-मेंढ्यांचे कळप सुरू होतात. नारोकच्या आसपास गहू आणि बार्लीची मोठमोठी शेते दिसतात. नारोक हे वाटेतले शेवटचे मोठे गाव असल्यामुळे एटीएम, औषधाचे दुकान आणि स्वच्छतागृह या तिन्ही गोष्टी तिथे उरकून घ्याव्यात.

फाटक येण्याच्या बरेच आधी, मसाई लोकांच्या गाईंच्या कळपापलीकडे पहिले झेब्रे आणि पहिली हरणे दिसतात. माराच्या राखीव क्षेत्राला कुंपण नाही, त्यामुळे प्राणी आत-बाहेर ये-जा करतात आणि गुरांबरोबर चरतात. या पहिल्या झेब्र्यांसाठी गाडी अवश्य थांबवायला सांगावी. पुढे शेकडो दिसणार आहेत, हे खरे असले तरी पहिला तो पहिला.

पहिल्याच संध्याकाळी सफारीला जावे का? प्रवेशशुल्काचा हिशेब कसा असतो?

मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचे असून त्याचा कारभार नारोक काउंटीचे शासन पाहते. मारा नदीच्या पश्चिमेकडचा मारा ट्रँगल हा भाग २००१ पासून मारा कॉन्झर्व्हन्सी या संस्थेकडे व्यवस्थापनासाठी आहे. २०२४ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून या काळात दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर या काळात २०० डॉलर पडतात. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा अशा बारा तासांचे असते. पूर्वीसारखे चोवीस तासांचे नसते.

याचा पहिल्या दिवसावर थेट परिणाम होतो. तुमचा कॅम्प फाटकाबाहेर असेल आणि तुम्ही दुपारी चारला पोहोचलात, तर दोन तासांच्या फेरीसाठी पूर्ण दिवसाचे शुल्क भरावे लागते. जुलै ते डिसेंबरमध्ये चौघांच्या कुटुंबासाठी ही रक्कम लहान नाही. म्हणून टूर कंपनीला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : कॅम्प फाटकाच्या आत आहे की बाहेर, पहिल्या दिवसाचे शुल्क सांगितलेल्या रकमेत धरले आहे का, आणि परतीच्या दिवशी किती वाजेपर्यंत बाहेर पडावे लागते. आत राहणाऱ्यांना निघण्याच्या दिवशी साधारण सकाळी दहाची मर्यादा असते आणि ती ओलांडली की नवे शुल्क लागू होते.

दुपारी दोनपर्यंत पोहोचणार असाल तर पहिली संध्याकाळ नक्की घ्यावी. पोहोचायला चार वाजणार असतील आणि कॅम्प बाहेर असेल, तर त्या संध्याकाळी कॅम्पवर विश्रांती घेऊन दुसऱ्या दिवशी पहाटे फाटक उघडताच आत शिरावे. राखीव क्षेत्रालगत मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी यांसारख्या कॉन्झर्व्हन्सी आहेत. तिथली जमीन मसाई कुटुंबांची असून ती भाडेपट्ट्याने वन्यजीवांसाठी राखली जाते. अशा ठिकाणी राहणाऱ्यांना त्या क्षेत्रातच संध्याकाळची आणि रात्रीचीही फेरी मिळते. तिथे गाड्या मोजक्याच असतात, पण राहण्याचा खर्च अधिक येतो. जमिनीचे भाडे थेट मसाई कुटुंबांपर्यंत पोहोचते, हे लक्षात घेता तो खर्च मला योग्य वाटतो.

आम्ही ताडोब्याला अनेकदा गेलो आहोत. माराची पहिली फेरी कितपत वेगळी असते?

पुष्कळ वेगळी असते आणि ताडोब्याची सवय सुरुवातीला थोडी आड येते. आपल्याकडे जंगल दाट असते. नजर पन्नास पावलांवर अडते, म्हणून आपण कानांनी शोधतो. चितळाचा किंवा वानराचा इशारा ऐकू आला की जिप्सी थांबते आणि सगळे श्वास रोखून वाघाची वाट पाहतात. मारात गवताळ मैदान क्षितिजापर्यंत जाते. तिथे आवाजापेक्षा प्राण्यांच्या उभे राहण्याकडे पाहावे लागते. जिराफ एका जागी खिळून एकाच दिशेला बघत असेल, किंवा टोपी जातीच्या हरणांची माना वर केलेली रांग एकीकडे तोंड करून फुरफुरत असेल, तर त्या दिशेला गवतात बहुधा कोणीतरी दबून बसलेले असते. चांगला गाईड सिंहाचा माग असाच काढतो.

पहिल्या संध्याकाळी मोठ्या प्राण्यांच्या मागे धावू नये, हे मी आग्रहाने सांगतो. रेडिओवर बिबट्याची वर्दी आली की दहा गाड्या तिकडे सुटतात. पहिल्या दिवशी त्या धूळधाणीत सामील होण्यापेक्षा जवळपासचे चरणारे प्राणी ओळखायला शिकावे. थॉमसन गॅझेल लहान असते, तिच्या कुशीवर ठळक काळा पट्टा असतो आणि शेपटी सारखी हलत असते. ग्रँट गॅझेल तिच्याहून मोठी आणि फिकी असते व तिच्या पुठ्ठ्यावरचा पांढरा रंग शेपटीच्या वरपर्यंत चढलेला असतो. इम्पालाच्या मागच्या बाजूला काळ्या उभ्या रेघा असतात. टोपीचा रंग तांबूस तपकिरी, मांड्यांवर निळसर-जांभळी झाक आणि खालचे पाय पिवळट असतात. टोपीचा नर पुष्कळदा वारुळाच्या उंचवट्यावर चढून तासन्‌तास उभा असतो. त्याला तिथून आपल्या हद्दीवर नजर ठेवता येते आणि प्रतिस्पर्ध्यांनाही तो दिसत राहतो. याच वारुळांवर चित्ताही टेहळणीला बसतो, म्हणून प्रत्येक वारुळाकडे एकदा दुर्बीण वळवावी.

अर्धा तास असा घालवला की नजर बसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाईडच्या बरोबरीने आपणही शोधू लागतो. रानम्हशीच्या पाठीवर बसलेला ऑक्सपेकर पक्षी तिच्या कानात चोच घालून गोचिड्या काढत असतो आणि ती डोळे अर्धवट मिटून उभी असते. असे दृश्य दहा मिनिटे पाहायला मिळाले, तर ती संध्याकाळ सत्कारणी लागली.

भारतीय माणसाला चित्ता दिसला की वेगळेच वाटते. आपल्याकडचा चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून चित्ते आणून कुनोत सोडण्यात आले. मारात तो त्याच्या खऱ्या मैदानात, दिवसाउजेडी शिकार करताना दिसू शकतो. त्याच्यासाठी घाई न करता लांबूनच थांबावे, कारण गाड्यांची गर्दी झाली की त्याची शिकार फसते आणि पिल्ले उपाशी राहतात.

पहिल्याच दिवशी वाईल्डबीस्टचे नदी ओलांडणे दिसेल का?

साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात शेजारच्या टांझानियातील सेरेंगेटीतून आलेले कळप मारात असतात. त्यांचे येणे-जाणे पावसावर अवलंबून असते आणि नदीकाठी जमलेला कळप पाण्यात कधी उतरेल, हे कोणीही सांगू शकत नाही. पहिल्या संध्याकाळच्या दोन तासांत त्याची अपेक्षा धरू नये. त्यासाठी सबंध दिवस नदीकाठी थांबण्याची तयारी लागते.

गाडीत आणि प्राण्यांजवळ कोणते नियम पाळावे लागतात?

ठरवून दिलेल्या जागा सोडून कुठेही गाडीतून उतरता येत नाही. राखीव क्षेत्रात रस्ता सोडून गवतात गाडी घालण्यास मनाई आहे. एका प्राण्याभोवती एका वेळी पाचपेक्षा जास्त गाड्या नसाव्यात, प्राण्यापासून २५ मीटरचे अंतर ठेवावे आणि इतर गाड्या वाट पाहत असतील तर दहा मिनिटांत जागा मोकळी करावी, असे नियम आहेत. गर्दीच्या मोसमात हे नियम मोडलेले दिसतात, ही दुःखाची गोष्ट आहे. त्यात पर्यटकांचाही वाटा असतो. “अजून थोडे जवळ घ्या” हा आग्रह आणि त्यासोबत दाखवलेली जादा बक्षिसी यांमुळेच चालक रस्ता सोडतो, आणि दंड मात्र त्यालाच भरावा लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी गाईडला सांगावे की, आम्हाला नियम मोडून काहीही पाहायचे नाही. यामुळे त्याच्यावरचा दबाव उतरतो आणि तो अधिक मोकळेपणाने दाखवू लागतो.

गाईडच्या गणवेशावर केनियाच्या व्यावसायिक गाईड संघटनेचा कांस्य, रौप्य किंवा सुवर्ण बिल्ला असेल, तर तो परीक्षा देऊन मिळवलेला असतो. त्याबद्दल आपुलकीने विचारावे. त्याला नावाने हाक मारावी आणि वयाने मोठा असेल तर ‘म्झे’ म्हणावे. हे तिथले आदराचे संबोधन आहे. रेडिओवर सिंबा म्हणजे सिंह, दुमा म्हणजे चित्ता, चुई म्हणजे बिबट्या, तेंबो म्हणजे हत्ती आणि किफारू म्हणजे गेंडा हे शब्द ऐकू येतात. मुलांना हे शब्द आवर्जून शिकवावेत, लांबच्या फेऱ्यांत ती त्यात रमतात.

ड्रोन नेऊ नये. परवान्याशिवाय त्याला बंदी आहे आणि तो विमानतळावरच काढून घेतला जातो.

कपडे कसे घ्यावेत?

मारा समुद्रसपाटीपासून साधारण १,५०० मीटरच्या वर आहे. त्यामुळे पहाटे स्वेटर आणि कानटोपी लागते आणि दुपारी सुती कपडे पुरतात. खाकी, मातकट किंवा फिकट हिरवा रंग घ्यावा. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे त्सेत्से माश्या येतात. लष्करी गणवेशासारख्या छापाचे कपडे टाळावेत. धुळीसाठी नाकावर ओढता येईल असा सुती रुमाल लागतोच.

उघड्या छताच्या गाडीत फोटो काढण्यासाठी काही तयारी?

लँड क्रूझरचे छत वर उचलले जाते आणि आपण उभे राहून पाहतो, त्यामुळे खिडकीच्या जागेवरून भांडण्याचे कारण उरत नाही. एका गाडीत सहापेक्षा जास्त माणसे मात्र नसावीत. तिपाईचा उपयोग होत नाही. कापडी पिशवी सोबत न्यावी आणि कॅम्पवर तांदूळ किंवा डाळ भरून घ्यावी, म्हणजे छताच्या कडेवर लेन्स स्थिर राहते. फोटो काढताना गाईडला इंजिन बंद करायला सांगावे. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे सूर्य वर्षभर साडेसहाच्या आसपास मावळतो आणि आपल्याकडच्यापेक्षा अंधार लवकर पडतो, म्हणून चांगल्या उजेडाची वीस-पंचवीस मिनिटे मोजकीच मिळतात.

कॅम्पला कुंपण नसते, हे खरे आहे का? रात्री भीती वाटत नाही का?

अनेक कॅम्पना कुंपण नसते, काहींना विजेच्या हलक्या झटक्याचे असते. पोहोचल्याबरोबर व्यवस्थापक जे नियम सांगतात, ते कितीही दमला असलात तरी नीट ऐकावेत. मुख्य नियम हा की, अंधार पडल्यावर एकट्याने तंबूबाहेर पाऊल टाकायचे नाही. जेवायला जाण्यासाठी आणि परत येण्यासाठी शिट्टी वाजवून किंवा टॉर्चचा इशारा देऊन पहारेकऱ्याला बोलवायचे असते. तो बहुधा जवळच्याच गावचा मसाई तरुण असतो, अंगावर लाल शुका (मसाई चादर), एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात काठी किंवा भाला घेऊन तो पुढे चालतो. आपल्याला जिथे फक्त काळोख दिसतो, तिथे टॉर्चच्या झोतात चमकलेल्या दोन डोळ्यांवरून तो हरीण कोणते आणि तरस कोणते, हे ओळखतो.

तंबू म्हणजे कनात नव्हे. आत पलंग, न्हाणीघर आणि कमोड असतो. चेन मात्र पूर्ण खालपर्यंत ओढून लावावी, कारण दिवसा माकडे आणि बबून फराळाच्या वासाने आत शिरतात. खाण्याचे डबे कॅम्पच्या कार्यालयात ठेवायला द्यावेत. रात्री अंथरुणात पायाशी काहीतरी गरम लागले तर घाबरू नये, ती कर्मचाऱ्यांनी ठेवलेली गरम पाण्याची रबरी पिशवी असते. नदीकाठच्या कॅम्पवर पाणघोड्यांचे घोगरे हुंकार आणि तरसांची चढत जाणारी साद रात्रभर ऐकू येते. तंबूत असलेल्या माणसाला त्यांच्यापासून सहसा धोका नसतो. आवाज फार जवळचा वाटला तरी चेन उघडून पाहू नये.

वीज काही ठिकाणी ठरावीक तासच असते. केनियातले प्लग चौकोनी तीन पिनांचे असतात, त्यासाठी अडॅप्टर न्यावा आणि संध्याकाळी पोहोचताच बॅटऱ्या चार्जिंगला लावाव्यात.

शाकाहारी जेवण मिळते का?

सहज मिळते. केनियात भारतीय वंशाचा समाज अनेक पिढ्यांपासून आहे आणि २०१७ साली तिथल्या सरकारने या समाजाला देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. चपाती तर आता केनियन लोकांचीच झाली आहे. चपाती, राजम्यासारख्या कडधान्याची आमटी आणि सुकुमा विकी ही पालेभाजी, एवढ्यावर आपल्या माणसाचे पोट व्यवस्थित भरते. मक्याच्या पिठाचा उगाली जरूर चाखावा. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी मात्र आरक्षणाच्या वेळीच कळवावे, कारण मारात भाजीपाला दुरून आणावा लागतो.

मलेरियाच्या गोळ्या खरोखरच घ्याव्या लागतात का?

मारात मलेरियाचा धोका आहे आणि त्यावरच्या प्रतिबंधक गोळ्या प्रवासाच्या आधीपासून सुरू कराव्या लागतात. कोणती गोळी आणि किती दिवस, हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे. संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि डास प्रतिबंधक मलम लावावे. प्रवास विम्यात विमानाने रुग्णालयात हलवण्याची सोय आहे का, हेही पाहावे. पूर्व आफ्रिकेत १९५७ पासून फ्लाइंग डॉक्टर्सची सेवा आहे आणि माराच्या धावपट्ट्यांवरून रुग्णाला नैरोबीत नेता येते.

वाटेत मसाई लोकांचे फोटो काढलेले चालतात का?

विचारल्याशिवाय काढू नयेत. रस्त्याने चालत्या गाडीतून गुराख्यावर कॅमेरा रोखणे त्यांना आवडत नाही आणि ते योग्यही नाही. त्यांचे गाव पाहायचे असेल तर तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी, पैसे आधी ठरवून, निवांतपणे जावे. पहिल्या दिवशी तेवढा वेळ देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बलून सफारी ठेवावी का?

बलूनसाठी पहाटे चारच्या सुमारास उठावे लागते आणि उड्डाण सूर्योदयाला होते. आदल्या दिवशी प्रवास झालेला असताना ते ठेवू नये, तिसऱ्या दिवशीची सकाळ निवडावी. त्यात आणखी एक सोय आहे : वाऱ्यामुळे किंवा पावसामुळे उड्डाण रद्द झाले, तर चौथ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करता येतो. पहिल्या रात्री जेवणानंतर गाईडशी सकाळी किती वाजता निघायचे आणि न्याहारी डब्यात बांधून घ्यायची का, एवढे ठरवावे आणि साडेनऊच्या आत झोपावे. सकाळचा चहा सहसा साडेपाचला तंबूच्या दाराशी आणून देतात.